लिंबोणीखालचा खजिना

हसायचं नाही असं वचन तुमच्याकडून घेऊन काही उपयोग नाही, हसणारच तुम्ही. फक्त हातातला चहा आधी संपवा. मागे एकदा हीच गोष्ट सांगत होतो, तेव्हा आमच्या एका मित्राने माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर सबंध कप फवारला होता.

तर माणसाने किती गाढवपणा करावा याची माझ्यापुरती हद्द मी धारला गाठली. सासुरवाडीत, भर दिवसा, अख्ख्या आळीसमोर आणि डोक्याला यंत्र लावून! आता बोला.

राजेरजवाडे नुकतेच गेले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदत होती, ती दोन्ही विरघळून मध्यभारत झालं होतं. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. लग्नाला दोन वर्षं झालेली. बायको कुसुम, धारची. तिचे वडील अप्पासाहेब धार संस्थानच्या कचेरीत सारी हयात घालवून पेन्शनीत निघालेले. पांढऱ्या झुपकेदार मिशा, उन्हातही बंद गळ्याचा कोट, आणि एकच नाद: जुनी नाणी. सागवानी पेटीत कापसावर एकेक नाणं निजवलेलं असायचं. बाहेर काढायचे ते सुद्धा तान्ह्या मुलाला उचलावं तसं.

आणि मी? अप्पासाहेबांच्या लेखी मी म्हणजे दिवे दुरुस्त करणारा. तेही बरोबर न करणारा! कारण पहिल्या दिवाळसणाला मी हौसेने त्यांचा रेडिओ उघडला होता. त्यानंतर त्यातून गाणी कधी आली नाहीत, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज तेवढा यायचा. अप्पासाहेबांनी रेडिओवर एक फडकं घातलं. मेलेल्या माणसावर घालतात ना, तसं.

तेव्हापासून माझ्या मनात एकच. या माणसाकडून एकदा तरी "शाबास" ऐकायचं!

दुसरी मोठी लढाई संपल्यावर महूच्या छावणीतलं बरंच सामान मोडीत निघून इंदूरच्या जुन्या बाजारात आलं होतं. तंबू, पाणबाटल्या, घोंगड्या, बूट. एका रविवारी तिथे हिंडत होतो, तर ढिगाखाली एक लांब दांडा दिसला. दांड्याच्या टोकाला जेवायच्या ताटाएवढी लाकडी चकती, एक खांद्याला अडकवायची पेटी आणि डोक्यावर बसवायचे हेडफोन. भंगारवाला म्हणाला, "ले जाओ भिया. फौज इससे सुरंग ढूंढती थी. जमीन के पेट में लोहा हो, तांबा हो, सब बता देता है."

तांबा! मंडळी, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तांबा म्हणजे नाणी. धारच्या मातीत परमारांपासून पवारांपर्यंत हजार वर्षांची राज्यं गाडलेली. मी हे यंत्र फिरवणार, एक जुनं नाणं काढणार, आणि अप्पासाहेबांच्या तळहातावर ठेवणार. पुढे "शाबास"!

यंत्र घेतलं. त्याच्याबरोबर फौजी बुटांचा एक जोडही घेतला, कारण संशोधकाला बूट हवेत.

पहिली परीक्षा देवासला, टेकडीच्या पायथ्याशी, आमच्या घरासमोरच. पेटी खांद्याला, हेडफोन कानाला, चकती जमिनीवर. खटका दाबला, तर कानात एक बारीक गुणगुण सुरू झाली. धातू जवळ आला की तिची शिट्टी होते. मी एक पाऊल टाकलं. शिट्टी! दुसरं टाकलं, शिट्टी! उजवीकडे वळलो तरी शिट्टी, डावीकडे वळलो तरी शिट्टी. मी तर घामाघूम झालो. म्हटलं, देवासच्या खाली दुसरं देवास पुरलंय आणि ते सोन्याचं आहे!

कुसुम ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिला ओरडून सांगितलं, "अगं, इथून तिथपर्यंत खजिना आहे!"

ती शांतपणे म्हणाली, "अहो, जरा बूट काढा बघू."

बूट काढले. शिट्टी बंद. फौजी बुटांच्या तळव्यांना लोखंडी खिळे असतात, हे विज्ञानाच्या मास्तराला तांदूळ निवडणाऱ्या बाईने शिकवलं. म्हणून पुढचं सगळं संशोधन मी अनवाणी केलं.

नाताळच्या सुट्टीत कुसुमला माहेरी न्यायचं होतंच. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, दोन्ही मोटारींत यंत्र मांडीवर. धारच्या मोटारीतल्या कंडक्टरने चकतीवर टिचकी मारून विचारलं, "यो कंई है भिया? इत्तो बड़ो चमचो?" मी चकती सदऱ्याने पुसली. मोठ्या माणसांना सुरुवातीला हे सोसावंच लागतं.

धारच्या घरी पोचलो. आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या सासूबाईंना सगळे माई म्हणत. चणीने लहान, आवाज त्याहून लहान, पण घरातलं पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे. त्याच्या चार वर्षं आधी माईंना विषमज्वर झाला होता. वैद्यांनी आशा सोडली होती. त्या वेळी अप्पासाहेबांनी देवासमोर उभं राहून म्हटलं होतं, "ही उठून बसली तर तंबाखू सोडीन." चाळीस वर्षांची तंबाखू! माई उठून बसल्या. अप्पासाहेबांनी तंबाखू सोडली. घरात कुणीही पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ ही गोष्ट यायचीच. कुसुमला तर ती तोंडपाठ होती. माझ्याशी भांडण झालं की मुद्दाम सांगायची. "अप्पांनी आईसाठी तंबाखू सोडली. तुम्ही माझ्यासाठी काय सोडाल?" मी म्हणायचो, "मला काही व्यसनच नाही, सोडू काय?" हा सुद्धा तिच्या दृष्टीने माझाच दोष.

तर सकाळी पोचलो, चहा झाला, आणि मी यंत्र घेऊन परसात उतरलो. परसू मोठं. एका कडेला विहीर, मध्ये पेरूची दोन झाडं, पार टोकाला लिंबोणी. अप्पासाहेब पायरीवर बसून बघत होते. चेहऱ्यावर तोच रेडिओचा भाव.

"हे काय, बापू? कपडे वाळत घालायचं आहे का?"

"नाही अप्पासाहेब. जुनी नाणी शोधायचं यंत्र आहे."

"असं का?" म्हणाले, आणि वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं.

विहिरीपाशी शिट्टी वाजली. खुरप्याने वीतभर खणलं, तर हिरवी पडलेली एक पितळी पळी निघाली. माई लगबगीने आल्या. पळी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली आणि बारीक किंचाळल्याच. "अहो, ही माझी पळी! कुसुमच्या बारशाला हरवली होती. तेव्हा मी भांडीवालीला बोल लावला होता हो!" पळी पदराने पुसत त्या म्हणाल्या, "जावईबापू, यंत्र खरं आहे तुमचं."

हे एवढं प्रशस्तिपत्र आळीभर पसरायला किती वेळ लागावा? पाच मिनिटांत शेजारचे नाना शिर्के कुंपणावरून डोकावले. नाना पूर्वी संस्थानच्या घोडदळात होते. घोडा गेला, पण आवाज घोड्यावरचाच राहिला होता. ते ओरडले, "जावईबापू, माझी अंगठी हरवलीय नव्वद साली, ती पण काढा!" अठराशे नव्वद साली नानांचा जन्म तरी झाला होता की नाही देव जाणे.

मी मात्र तोऱ्यात. चकती फिरवत फिरवत लिंबोणीकडे निघालो.

तोच अप्पासाहेबांचं वर्तमानपत्र खाली आलं.

"बापू, तिकडे नको. तिकडे काही नाही."

"बघतो तर खरं."

"मुळांना धक्का लागेल."

"वरवर फिरवतो."

"साप आहे तिथे!"

कुसुम हळूच म्हणाली, "अप्पा त्या झाडाला कुणाला हात लावू देत नाहीत. पाणी सुद्धा रोज सकाळी स्वतः घालतात."

आता सांगा, तुम्ही काय समजला असता? मी तेच समजलो. नाण्यांचा जाणकार माणूस, एका झाडापाशी कुणाला जाऊ देत नाही, म्हणजे काय? म्हणजे त्यांना ठाऊक आहे! इथे जुनं काहीतरी आहे आणि ते त्यांना एकट्याला काढायचंय. मनात म्हटलं, अप्पासाहेब, काढणार मी, पण देणार तुम्हालाच.

लिंबोणीच्या बुंध्याशी चकती नेली मात्र, आणि कानात जी शिट्टी वाजली! आगगाडीचं इंजिन कानात शिरलं म्हणा ना. पळीच्या वेळी कुठे अशी वाजली होती?

अप्पासाहेब उठले. चालत नव्हे, जवळजवळ धावतच आले. माझा दंड धरला, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि काहीतरी बोलू लागले.

आता मंडळी, कान कुठे होता? कानावर हेडफोन होता! त्यात इंजिन किंचाळत होतं. मला फक्त मिशा हलताना दिसत होत्या. पुन्हा पुन्हा हलल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. दोन्ही हात जोडल्यासारखे केले.

माझा ऊर भरून आला हो! वाटलं, हेच ते. सासरा जावयाला शाबास म्हणतोय. आनंदाने रडतोय!

हेडफोन लावलेला माणूस नेहमी ओरडून बोलतो. मी परसूभर घुमेल अशा आवाजात म्हणालो, "होय होय, अप्पासाहेब! बोलावतो! सगळ्यांना बोलावतो!"

आणि कुंपणाकडे वळून गर्जना केली, "नाना, कुदळ आणा! मोठा खजिना लागलाय!"

अप्पासाहेब तिथेच लिंबोणीला टेकले.

पुढच्या अर्ध्या तासात काय झालं ते बघत राहावं. नाना कुदळ घेऊन कुंपणावरूनच आले, घोडा उडवावा तसे. पाठोपाठ त्यांच्या घरच्या बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या, धन निघताना लक्ष्मीला कुंकू लावावं म्हणून. समोरचे दोन दुकानदार दुकानं उघडी टाकून आले. आळीत राहणारे पटवारी मांगीलालजी तर घाईत आंघोळ अर्धवट टाकून, ओल्या केसांनी, पण वही काखेत धरून आले.

"मास्टर साब, पहले सुन लो," ते म्हणाले. "जमीन में से जो निकले उसकी सरकार में खबर देनी पड़ेगी. पंचों के सामने खुलेगा. मैं लिखूँगा."

"अवश्य लिहा!" मी म्हणालो. मला तर हेच हवं होतं. सरकारी कागदावर माझं नाव!

मग मी भाषणही केलं. कुणी मागितलं नव्हतं. पेटी खांद्याला, अनवाणी पाय, एक हात दांड्यावर. "मित्रहो, आवाजावरून माझा असा अंदाज आहे की नाणी परमारकालीन असावीत." नानांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. अप्पासाहेब कोटाच्या गळ्याचं बटण काढत होते, लावत होते, पुन्हा काढत होते.

"अप्पासाहेब, पहिली कुदळ तुम्ही मारा," मी प्रेमाने म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळी, ती नजर मी अजून विसरलो नाही. कसायाने गाईला विचारावं, पहिला घाव तू घालतेस का, तर ती बघेल तशी.

कुदळ नानांनीच मारली. हातभर माती निघाली. पुढे काही लागेना म्हणून मी सांगत गेलो तसा खड्डा आजूबाजूला वाढत गेला, कंबरेइतका झाला. शेवटी ज्या बाजूला मी आधीच पाय रोवून उभा होतो, तिथेच बोटभर मातीखाली टण्ण असा आवाज आला.

सगळे खड्ड्यावर वाकले.

मी गुडघे टेकून हाताने माती सारली. पितळी डबी! चांगली मूठभर मोठी. आणि झाकणाभोवती काय असावं? मेण! नीट, एकसारखं, बोटाने दाबून लावलेलं मेण.

"मोहोरबंद आहे!" नाना ओरडले. "दरबारचा माल!"

मांगीलालजी वहीत लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते, "एक नग डिबिया... पीतल की... मोहरबंद..."

मी नखाने मेण काढलं. झाकण किंचित उचललं, आणि वास आला.

त्या वासाने मला सगळं एका क्षणात कळलं. मी वर पाहिलं. अप्पासाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. आणि ते माझ्याकडे बघतच नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात माई उभ्या होत्या, तिकडे बघत होते.

मी झाकण पुन्हा लावायला गेलो, पण नानांचा हात घोडदळातला. डबी हिसकावून उघडली सुद्धा. आत तंबाखू, आणि चुन्याची एक इवलीशी डबी.

"अरे, यो तो जरदो है!" मांगीलालजींच्या तोंडून हिंदी गेली आणि घरची मालवी आली.

नानांनी चिमूट उचलून हुंगली. "आणि ताजी आहे! परमारांच्या वेळची नाही वाटत ही."

कुणीतरी खुदकन हसलं. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता. लिंबोणी कुणाची, पाणी कोण घालतं, सगळ्या आळीला ठाऊक. एकेक डोळा अप्पासाहेबांकडे वळू लागला. तो ताठ माणूस लिंबोणीला धरून उभा होता, आणि त्याची मान हळूहळू खाली चालली होती. ती मान खाली गेलेली मला बघवेना. बस्स, एवढंच खरं कारण. बाकी शौर्य वगैरे काही नाही.

मी म्हणालो, "माझी आहे."

"काय?" कुसुम.

"डबी माझी आहे. यंत्राची परीक्षा घ्यायची म्हणून सकाळी मीच पुरून ठेवली होती."

मांगीलालजींची लेखणी थांबली. "मास्टर साब, खुद गाड़ी, खुद निकाली? और हमको नहाते से उठाया?"

"पण मेण?" नाना म्हणाले.

"ओल लागू नये म्हणून."

"आणि परमार?"

मी हेडफोनची वायर गुंडाळू लागलो. कुसुम मात्र माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी दुसरं लग्न केल्याचं कबूल केलंय. "तुम्ही तंबाखू खाता?" तिने पदर कमरेला खोचला. "दोन वर्षं? माझ्यापासून लपवून?"

"कधीमधी."

आता अप्पासाहेब गप्प बसले असते तर चाललं असतं की नाही? पण माणूस सुटल्यावर त्याला जोर येतो. बटण लावलं, मिशा झटकल्या आणि कडाडले, "शोभतं का हे? शिक्षक म्हणवता! मुलांपुढे काय आदर्श ठेवणार?" मी माती झटकत ऐकून घेतलं. काय करता?

नानांना मात्र संशय होता. शिपाईगडी. त्यांनी चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, चोळली, थापटली आणि माझ्यापुढे धरली. "जावईबापू, तुमची ना? मग घ्या. एवढं खणलंत, दमला असाल."

सगळी आळी बघतेय. अप्पासाहेब बघतायत. माई दारात. मी चिमूट उचलली आणि तोंडात टाकली.

आता तंबाखू खाणाऱ्याला ठाऊक असतं की ती गालात धरायची, रस थुंकायचा. मला कुणी शिकवलं होतं? मी ती शेवयांच्या खिरीसारखी चावली आणि गिळली. पहिल्यांदा लिंबोणी गोल फिरली. मग विहीर फिरली. मांगीलालजींचे दोन मांगीलालजी झाले, दोघांच्याही काखेत वह्या. पुढचं मला आठवत नाही. लोक सांगतात की मी हात जोडून "परमारकालीन" असं काहीतरी म्हणालो आणि यंत्रासकट त्या खड्ड्यात गेलो.

शुद्धीवर आलो तेव्हा ओसरीवर खाटेवर होतो. उन्हं कलायला लागली होती. उशाशी माई ताकाचं भांडं घेऊन बसल्या होत्या. आसपास कुणी नव्हतं.

"बरं वाटतंय का?" त्या म्हणाल्या. "नुसतं पडून राहा. पहिल्यांदा असंच होतं म्हणतात."

मी दचकलो. "पहिल्यांदा? नाही माई, मी तर..."

"पुरे," त्या हसल्या. "ती डबी यांच्या वडिलांची. तीन पावसाळे तिथे आहे. वरचं मेण ते कसंबसं फासतात, त्यांच्यामागून रोज नीट दाबून बसवते ती मी."

मला पुन्हा गरगरलं. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"मातीत ओल धरते हो. बुरशी आलेली तंबाखू यांनी खाल्ली असती नि पोट बिघडवून घेतलं असतं."

"मग बोलला नाहीत कधी?"

माईंनी ताकाचं भांडं माझ्या हातात दिलं. "चाळीस वर्षांची सवय, बापू. माझ्यासाठी अकरा महिने खरंच सोडली होती. झोप उडाली होती त्यांची. येरझाऱ्या घालायचे. मी अंथरुणातून बघायची. अकरा महिने पुष्कळ झाले मला." मग एकदम आवाज बदलला. "त्यांना यातलं कळता कामा नये. लपून खातात म्हणून थोडी खातात. मला ठाऊक आहे हे कळलं तर एकतर सगळ्यांसमोर खातील नाहीतर लाजेने पुन्हा सोडतील. दोन्ही नको. शपथ आहे तुम्हाला."

शपथ घेतली. माई आत गेल्या न गेल्या तोच अप्पासाहेब आले. इकडेतिकडे बघून खाटेच्या कडेवर टेकले.

"बापू, मी कानात एवढं सांगत होतो. 'माझी तंबाखू आहे, माईला कळू देऊ नका, पाया पडतो.' तुम्ही म्हणालात, सगळ्यांना बोलावतो!"

"मला वाटलं, तुम्ही शाबास म्हणताय."

त्यांच्या मिशांतल्या मिशांत हसू फुटलं आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शाबास," म्हणाले. घ्या! मिळालं. मग आणखी जवळ सरकून अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं, "बरं, तुमचं ते यंत्र लाकडाची डबी ओळखतं का हो?"

"नाही."

"छान." आणि मग, "माईला मात्र काही कळता कामा नये. शपथ आहे."

दुसरी शपथ! आता या घरात एक गोष्ट अशी की सासूला ठाऊक, सासऱ्याला ठाऊक, जावयाला ठाऊक, पण कुणी कुणाला सांगायची नाही. राहिली कुसुम. तिला सांगावं तर तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, दुपारपर्यंत माईंना आणि दिवेलागणीपर्यंत अप्पासाहेबांना गेली असती. म्हणून मी गप्प. दुसऱ्या दिवशी तिने मला देवासमोर उभं केलं, हातावर पाणी सोडलं आणि तंबाखू सोडवली. जी एकदाच, तीही गिळून खाल्ली होती, ती मी साग्रसंगीत सोडली. पाणी सोडायला ताम्हण धरून कोण उभं होतं? अप्पासाहेब. पुढे वर्षानुवर्षं मी शाळेतून आलो की कुसुम माझ्या सदऱ्याचा वास घ्यायची. आता अप्पासाहेब आणि माई दोघेही नाहीत, कुसुमलाही केव्हाच सगळं सांगून झालंय, म्हणून तुमच्यापुढे बोलतोय.

पण किस्सा इथे संपला असता तर मी भाग्यवान.

चार वर्षांनी धारच्या एका शाळेत व्यसनमुक्तीवर सभा ठरली. सभा भरवणारे नाना. त्यांनी मला पत्र धाडलं की ज्याने भर तारुण्यात तंबाखू सोडली त्याने अनुभवाचे चार शब्द सांगावेत. नाही म्हणायची सोय नव्हती, कुसुमने परस्पर होकार कळवला होता. सभेचे अध्यक्ष अप्पासाहेब. खुर्चीत ताठ बसलेले, कोटाचं बटण लावलेलं, आणि एक गाल किंचित वर आलेला. समोर बायकांच्या रांगेत माई आणि कुसुम.

मी बोललो. बरं बोललो म्हणायचं. शेवटी एक मालवी म्हातारा उभा राहिला. "मास्टर साब, सब छोड़ दें. पर शुरू में जो तलब उठे, जान खा जाए. उस बखत आपने कंई कर्यो?"

मला काय ठाऊक तलफ कशी असते? आशेने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष पुढे वाकले, गाल सांभाळत गंभीरपणे म्हणाले, "सांगा बापू. मलाही ऐकायचंय."

मी घाबरून समोर बघितलं. माई दिसल्या. त्यांच्यासाठी कुणीतरी अकरा महिने येरझाऱ्या घातल्या होत्या, ते आठवलं, आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "तलफ आली की बायकोच्या तोंडाकडे बघावं."

काय टाळ्या पडल्या! अप्पासाहेबांनी मान खाली घातली. माई पदराआड हसत होत्या. म्हातारा सुद्धा मान डोलावत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी शहाण्यासारखं बोललो होतो, आणि तेही प्रेमाचं. मी विजयी मुद्रेने कुसुमकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता. म्हटलं, लाजली.

घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालली. ओसरीवर चढली, वळली आणि म्हणाली,

"माझं तोंड बघितलं की खायची इच्छाच मरते, हे भर सभेत सांगायची काय गरज होती?"